पार्किन्सन्सवर नवं औषध येईपर्यंत थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आप्पा ६४ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग, तीसेक वर्षं स्वतःच्या हातानं औषध मारलेलं. दीड वर्षापूर्वी उजवा हात थरथरायला लागला, पार्किन्सन्सचं निदान झालं आणि लिव्होडोपाची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली गेली. आप्पा मात्र एकच घेतात, कारण ‘आत्ताच घेतली तर पुढे लागू पडणार नाही’ असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. मोबाइलवर स्टेम सेलचे व्हिडिओ येतायत, शेजारच्यांनी खाजकुइलीची पावडर आणून दिलीय. आणि तुम्ही विचारताय की आजाराचं कारण सापडलं का, मुळावरचं औषध कधी येणार, तोवर थांबलं तर चालेल का, आणि हे मला होईल का.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्या ओपीडीत पार्किन्सन्सचे पेशंट बरेच असतात. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तो संशोधनाबद्दलचा वाटतो, पण त्यातला तातडीचा भाग ‘थांबलं तर चालेल का’ हा आहे. त्याचं उत्तर आधीच देतो : थांबू नका. का, हे समजायला संशोधन कुठं पोचलंय आणि कुठं अडलंय ते बघावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे. आप्पांना मी तपासलेलं नाही. त्यांचा रक्तदाब, हृदय, स्मरणशक्ती, बाकीची औषधं यांवर बरंच अवलंबून आहे. डोस किती हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ओता. त्यात ॲसिडिटीची कॅप्सूल असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर लिव्होसल्पिराइड मिसळलेल्या कॅप्सूल सर्रास चालतात आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं आणल्या जातात. लिव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचा, म्हणजे हालचालीसाठी लागणाऱ्या रसायनाचा, परिणाम रोखतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरची प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांचंही तेच. यांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात आणि औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांची ओसरतात. आप्पांची थरथर एकाच बाजूनं सुरू झाली, म्हणजे खरा पार्किन्सन्स असण्याची शक्यता जास्त. तरीही पिशवी ओताच. ज्याला खरा पार्किन्सन्स आहे त्याचाही त्रास या गोळ्यांनी वाढतो.

आता कारणाकडे वळू. गोष्ट सुरू होते ती आपल्या ओळखीच्या झुडपापासून, सर्पगंधेपासून. तिच्यापासून काढलेलं रिसर्पिन पन्नासच्या दशकात रक्तदाबासाठी जगभर वापरलं जाई आणि ते घेणारे काही जण मंद, ताठर होत. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना लिव्होडोपाचं, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं त्या औषधाचं, इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून उलगडत गेलं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये मरणोत्तर मेंदू तपासून दाखवलं की पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये नेमक्या हालचालीच्या भागात डोपामिन आटलेलं असतं. अमेरिकेत कोट्झियास यांनी १९६७ मध्ये डोस हळूहळू वाढवत तोंडावाटे औषध देऊन दाखवलं आणि खुर्चीला खिळलेली माणसं चालू लागली. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांवरून आजाराचं वर्णन केलं ते १८१७ साली. म्हणजे उपचार सापडायला दीडशे वर्षं गेली.

पण डोपामिन आटणं हा परिणाम झाला. ते बनवणाऱ्या पेशी का मरतात, हा खरा प्रश्न, आणि तिथला पहिला मोठा धागा अपघातानं हाती लागला. १९८२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे थिजलेले दवाखान्यात आले. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला. त्यांनी टोचून घेतलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची अशुद्धी होती. मेंदूत गेल्यावर तिचं रूप बदलतं, ती डोपामिनच्या पेशींत शिरते आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा, मायटोकॉन्ड्रिया, बंद पाडते. बाहेरचं एखादं रसायन नेमक्या याच पेशी मारू शकतं, हे त्या दिवसापासून नाकारता येईना.

तुमच्या बागेशी संबंध इथं येतो. त्या विषारी रूपाशी रचनेत साम्य असलेलं एक तणनाशक आहे, पॅराक्वाट. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक हाताळलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे अजून विकलं जातं. फ्रान्सनं तर २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार मानला.

मग आप्पांना बागेमुळेच झाला का? एका माणसापुरतं असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. अडीचपट हा आकडा मोठा वाटतो, पण मूळ धोकाच लहान आहे आणि आयुष्यभर फवारणी केलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स होत नाही. उलट ज्यांनी पंपाला कधी हात लावला नाही अशांची माझ्याकडे रांग असते. म्हणून ‘मीच माझ्या हातानं ओढवून घेतलं’ असं आप्पा म्हणत असतील तर त्यांना सांगा की तसं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. काळजी घ्यायला मात्र पुरेसा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

दुसरा धागा आनुवंशिकतेचा. इटलीतल्या कोन्तुर्सी गावाकडच्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन्स होता. १९९७ मध्ये त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला. त्याच वर्षी केंब्रिजहून दुसरा शोध आला : ज्यांच्या घरात हा आजार कुणालाच नव्हता अशा पेशंटच्या मेंदूतही मरणाऱ्या पेशींमध्ये जे गोळे दिसतात, ते याच प्रथिनाचे आहेत. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबात असं दिसलं की जनुक निर्दोष आहे पण त्याच्या जास्तीच्या प्रती आहेत. म्हणजे हे प्रथिन नुसतं प्रमाणाबाहेर झालं तरी आजार होतो. तेव्हापासून संशोधनाचा मोठा भाग या एका प्रथिनामागे लागला आहे.

तिसरा धागा वेळेचा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं की हे गोळे आधी वास घेण्याच्या भागात आणि आतड्याशी जोडलेल्या मज्जातंतूच्या केंद्रात दिसतात, मग वर चढतात. सगळे पेशंट या नकाशात बसत नाहीत. पण आप्पांना विचारून बघा : थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधी बद्धकोष्ठ होतं का? मोगऱ्याचा, फोडणीचा वास येईनासा झाला होता का? आईंना विचारा, झोपेत ते ओरडायचे, हातपाय झाडायचे का? माझ्या ओपीडीत या प्रश्नांवर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. झोपेतल्या या विकाराचे सुमारे १,३०० रुग्ण अनेक देशांत मिळून तपासले गेले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बारा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांश लोकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा मेंदूविकार होईल असा अंदाज निघाला. म्हणजे हात थरथरतो तेव्हा आजार कोवळा नसतो. तो दहा-वीस वर्षं आत चाललेला असतो आणि त्या पेशींचा मोठा हिस्सा तोवर गेलेला असतो.

आता मुळावरच्या औषधाबद्दल. प्रयत्न कमी झाले असं समजू नका. ई-जीवनसत्त्व नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच निष्फळ ठरलं. क्रिएटिन १,७०० हून जास्त पेशंटना देऊन पाहिलं आणि २०१३ मध्ये चाचणी थांबवली. को-एन्झाइम क्यू-१० मोठ्या डोसमध्ये ६०० जणांवर तपासलं, काही फायदा नाही. (हे महागडं डबडं आजही लोक माझ्या टेबलावर ठेवतात. पैसे वाचवा.) रक्तदाबाचं इस्राडिपिन २०२० मध्ये बाद झालं. अल्फा-सिन्युक्लिनला पकडणारी प्रतिपिंडं आली. त्यातल्या सिनपानेमॅबनं काहीच साधलं नाही. प्रासिनेझुमॅबनं २०२२ मध्ये मुख्य निकष गाठला नाही आणि पुढच्या मोठ्या चाचणीतही तो थोडक्यात हुकला. तरी कंपनीनं आशा सोडलेली नाही.

मधुमेहाच्या एक्सेनाटाइडची कथा तुम्ही ऐकली असेल. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून त्याचा शोध लागला. २०१७ मध्ये लंडनच्या ६२ पेशंटच्या चाचणीत ते चांगलं दिसलं आणि माझ्याकडे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. मी तेव्हा कुणालाच दिलं नाही. ६२ माणसांवर मी आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू करत नाही. २०२५ मध्ये १९४ जणांवर ९६ आठवडे चाललेल्या चाचणीचा निकाल आला : औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नाही. त्याच्याच भावंडाला, लिक्सिसेनाटाइडला, २०२४ मध्ये फ्रान्समध्ये वर्षभराच्या चाचणीत थोडं यश मिळालं, पण मळमळ जवळपास निम्म्यांना झाली. ‘वर्तमानपत्रात आलंय’ यावर औषध का बदलत नाही, ते यावरून कळेल.

एवढे प्रयत्न का फसले? माझ्या मते कारणं तीन. एक तर उशीर. हात थरथरल्यावर औषध सुरू करायचं म्हणजे निम्मी लढाई हरल्यावर सैन्य पाठवणं. दुसरं, उंदराला एमपीटीपी देऊन चार दिवसांत केलेला पार्किन्सन्स आणि माणसाला वीस वर्षांत होणारा पार्किन्सन्स या वेगळ्या गोष्टी आहेत; उंदीर वाचवणारं औषध माणूस वाचवेलच असं नाही. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. आपण एकाच नावाखाली बहुधा अनेक आजार मोजतोय. एकेकाळी ‘ताप’ हेच निदान असायचं. हिवताप, विषमज्वर आणि डेंगी अशा सगळ्यांना एकच गोळी देऊन चाचणी घेतली असती, तर क्विनाइनसुद्धा नापास झालं असतं.

याला आता पुरावाही आहे. पाठीच्या पाण्यात बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लिन शोधणारी एक तपासणी २०२३ मध्ये हजाराहून जास्त लोकांवर करून पाहिली. पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के पेशंटमध्ये ती होकारार्थी आली. पण एलआरआरके२ या जनुकात दोष असलेल्या पेशंटपैकी तिसरा हिस्सा नकारार्थी निघाला. चालणं तेच, थरथर तीच, आणि ज्या प्रथिनामागे आपण धावतोय त्याचा पत्ता नाही. त्यांना त्या प्रथिनाविरुद्धचं औषध देऊन काय होणार? म्हणून आता गट पाडून चाचण्या सुरू आहेत. एलआरआरके२ ची क्रिया मंदावणारी औषधं एका गटासाठी. जीबीए जनुकात दोष असलेल्यांसाठी ॲम्ब्रोक्सॉल, हो, तेच आपल्या खोकल्याच्या सिरपमधलं. कृपया बाटल्या आणू नका. चाचणीतला डोस दिवसाला १,२६० मिलीग्रॅम होता, खोकल्यासाठी साधारण ९० असतो. सिरपनं तो गाठायला गेलात तर आप्पांचं पोट बिघडेल, बाकी काही होणार नाही. ब्रिटनमध्ये मोठी चाचणी सुरू आहे, तिचा निकाल येऊ द्या.

तेव्हा ‘किती वर्षांत’ याचं माझं उत्तर : तारीख देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि जेव्हा असं औषध येईल तेव्हा ते बहुधा आजार जिथं आहे तिथं थोपवणारं असेल, गेलेल्या पेशी परत आणणारं नसेल. म्हणजे त्या दिवशी आप्पा जितके हिंडते-फिरते असतील तितका त्यांना फायदा जास्त. थांबून राहिल्यानं त्या औषधासाठी काहीही शिल्लक पडत नाही.

आता त्या भीतीकडे येतो, ‘आत्ता घेतली तर पुढे चालणार नाही’. ती आप्पांच्या डोक्यात आकाशातून पडलेली नाही. एकेकाळी खुद्द डॉक्टरच असं सांगत. पाच-सात वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, अंग वेडंवाकडं हलायला लागतं, म्हणजे गोळीच दोषी असा तर्क होता. तो दोन ठिकाणी पडला. घाना हा देश गरीब, तिथं लिव्होडोपा मिळायलाच उशीर होतो, सरासरी चारेक वर्षं. इटलीत अडीच वर्षांच्या आत सुरू होते. २०१४ मध्ये दोन्हीकडच्या पेशंटची तुलना झाली. ही गुंतागुंत दोन्ही देशांत आजाराच्या साधारण सारख्याच वर्षी सुरू झाली होती. घानातल्यांनी गोळीविना काढलेल्या वर्षांचा त्यांना काहीच फायदा झाला नाही, ती वर्षं फक्त ताठरून गेली. मग नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटची चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. निम्म्यांना लगेच गोळी, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. दीड वर्षानंतर दोन्ही गट सारखेच. म्हणजे लवकर घेतल्यानं आजार थांबला नाही, पण बिघडलाही नाही.

गुंतागुंत आजाराच्या वाढीमुळे येते, शिवाय मोठ्या डोसनं आणि कमी वयात लवकर येते. म्हणून चाळिशीतल्या पेशंटबाबत मी वेगळा विचार करतो, कधी दुसऱ्या गटातल्या गोळ्यांपासून सुरुवात करतो. (त्यांनी काही जणांना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो, तेव्हा घरच्यांना आधीच सावध करतो.) ६४ व्या वर्षी तो प्रश्न फारसा नाही. लागेल तेवढा, पण लागेल तितकाच डोस, हे माझं सूत्र. आप्पा एक गोळी घेऊन बटण लावू शकत नसतील, कूस बदलू शकत नसतील, तर ती बचत नव्हे.

एक शक्यता अशीही आहे की गोळीचा गुण त्यांना नीट आलाच नाही, म्हणून विश्वास बसला नाही. सकाळची गोळी ते ग्लासभर दुधाबरोबर घेतात का? लिव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यात एकाच दारातून आत जातात. दूध, डाळ, अंडं, मटण यांच्याबरोबर घेतली तर गोळी दाराबाहेर ताटकळते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा. सुरुवातीला मळमळ झाली तर एखादं बिस्कीट चालेल. एवढ्या बदलानं ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ती लागू पडलेली मी पाहिली आहे. आणि एक ताकीद : चालू असलेली गोळी कधीही एकदम बंद करू नका. त्यानं अंग लाकडासारखं ताठून, ताप चढून जिवावर बेतू शकतं.

खाजकुइलीला मी हसणार नाही. तिच्या बियांत खरोखरची लिव्होडोपा असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ती १९३७ मध्येच वेगळी काढून दाखवली होती, कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षं आधी. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी पेशंटवर तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनमध्ये २००४ साली आठ पेशंटवर झालेल्या काटेकोर चाचणीत ३० ग्रॅम पावडरचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जरा जास्त टिकला. पण बघा, ती गुण देते ती त्याच रसायनामुळे. ‘गोळी नको, नैसर्गिक घेतो’ म्हणणारा माणूस तीच गोळी न मोजता घेत असतो. पाकिटागणिक प्रमाण बदलतं. गोळीत लिव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते औषध मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही आणि मळमळ टाळतं. पावडरीत ते नसतं. शिवाय आप्पा दोन्ही घेत असतील आणि डॉक्टरांना पावडर माहीतच नसेल, तर डोसचा हिशोब चुकतो. रक्तदाब पडून घेरी आलेले, भास होऊ लागलेले असे पेशंट आमच्याकडे येतात आणि पावडरीची गोष्ट शेवटी निघते. घ्यायचीच असेल तर सांगून घ्या.

स्टेम सेलबद्दल मात्र मी कडक आहे. खरं संशोधन उत्साहानं बघण्यासारखं आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. अमेरिका-कॅनडात १२ आणि जपानमध्ये क्योटोत ७ पेशंटच्या मेंदूत मूळपेशींपासून (म्हणजे स्टेम सेलपासून) प्रयोगशाळेत बनवलेल्या डोपामिनच्या पेशी शस्त्रक्रियेनं बसवल्या. पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. सगळं खरं. पण या चाचण्या मुख्यतः सुरक्षितता तपासायला होत्या, तुलनेला दुसरा गट नव्हता.

तुलना का हवी, हे पार्किन्सन्समध्ये विशेष महत्त्वाचं आहे. ‘मला उपचार मिळाला’ या अपेक्षेनंच या पेशंटच्या मेंदूत डोपामिन सुटतं. हे २००१ मध्ये स्कॅनवर दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ४० पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांच्या मेंदूत गर्भपेशी सोडल्या, उरलेल्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली. पुढे तपासलं तेव्हा ज्यांना ‘आपल्याला पेशी मिळाल्या’ असं वाटत होतं त्यांचं आयुष्य सुधारलेलं होतं, पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. आणि खऱ्या पेशी मिळालेल्या काहींचं अंग नंतर आवरेना इतकं हलू लागलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला महिनाभर खरंच बरं वाटलं असेल.

आपल्याकडे जे विकलं जातं ते बहुतेकदा पोटाच्या चरबीतून किंवा हाडाच्या मगजातून काढलेल्या पेशी शिरेतून किंवा पाठीतून सोडणं. त्यांतून डोपामिनच्या पेशी तयार होऊन मेंदूत योग्य जागी बसतात याला पुरावा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. ओळखायची खूण सोपी आहे. खरी चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत दिसते, नीतिसमितीची मान्यता असते आणि तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. कुणी लाखाचं पॅकेज सांगितलं की उठून या.

मेंदूत तारा घालून विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस, वेगळी. ग्रेनोब्लच्या बेनाबिद यांच्या कामातून ती १९८७ पासून उभी राहिली आणि आज सिद्ध उपचार आहे. पण ज्यांना गोळीचा गुण चांगला येतो पण टिकत नाही अशांसाठी. आप्पांना आज तिचा विचार करायचं कारण नाही.

व्यायामाबद्दल मी जितकं बोलतो तितकं लोक ऐकत नाहीत. अमेरिकेत १२८ नव्या पेशंटवर सहा महिन्यांची चाचणी झाली, २०१८ चा निकाल. ट्रेडमिलवर हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्यांची लक्षणं जवळपास होती तिथंच राहिली, काही न करणाऱ्यांची वाढली. आजार आतून मंदावला का हे त्यावरून ठरत नाही, मोठी चाचणी त्यासाठीच आहे. तरी यापेक्षा चांगला व्यवहार मला माहीत नाही. जेवणानंतरची शतपावली पुरत नाही, धाप लागली पाहिजे. हृदय तपासून घ्या, मग बांधावरून रोज झपझप अर्धा तास. तुम्ही पुण्यात असता म्हणालात, तिथं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पुढच्या वेळी आप्पा आले की त्यांच्या सभेला न्या. दहा वर्षं गोळी घेऊन हिंडणारी माणसं त्यांना समोर दिसतील. माझ्या सांगण्यानं जे होत नाही ते तिथं होतं.

उरला तुमचा स्वतःचा प्रश्न. एका पालकाला उतारवयात पार्किन्सन्स झाला तर मुलांचा धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. आप्पांना साठीनंतर झालाय, घरात दुसरं कुणी नाही, तर जनुकांची तपासणी करा असं मी म्हणणार नाही. निकालावरून आज करण्यासारखं काही नसतं आणि झोप मात्र उडते. पन्नाशीच्या आत झाला असता किंवा दोन-तीन सख्ख्यांना असता, तर मी वेगळं बोललो असतो.

पण बाग आता तुमचा भाऊ बघतो ना? त्याला एवढं सांगा : तणनाशकात पॅराक्वाट असेल तर ते बंद करायचं, तण मशीननं काढता येतं. औषध कालवताना उघडे हात घालायचे नाहीत, रबरी हातमोजे घालायचे. ब्लोअर चालवताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. आणि औषधाचा रिकामा कॅन धुऊन पाण्यासाठी वापरात असेल, तर तो आजच फोडून टाकायचा.